निजून पाहिलेलं छप्पर

"स्वल्प निजून बघतो," असं म्हणून अण्णा आमच्या माळ्यावर गेले आणि खरोखरच आडवे झाले.

फेब्रुवारीचा शेवट होता, दुपारचे तीन वाजले होते. मी त्यांना बोलावलं होतं ते माळ्याची खोली करून देता का, हे विचारायला. त्यांनी चपला जिन्यापाशी काढल्या, पिशवीतून चटईची गुंडाळी काढली आणि वर गेले. मला वाटलं, मापं घेत असतील. दहा मिनिटांनी मी ताकाचा पेला घेऊन गेले, तर सदरा काढून खुंटीला लावलेला आणि अण्णा कौलांकडे तोंड करून उताणे पडलेले. डोळे मिटलेले, अंगावरून घामाच्या धारा. मी पेला तिथेच ठेवला, खाली आले आणि नवऱ्याला ऑफिसात फोन केला, की तू पाठवलेला मिस्त्री आपल्याकडे झोपायला आलाय.

चार वाजता ते खाली उतरले. तोंडावर पाणी मारलं, ताक संपवलं आणि म्हणाले, "झोप लागली नाही, अक्का. काम आहे."

अण्णांची काम करायची रीतच ही होती. कुठलंही छप्पर हातात घ्यायच्या आधी ते दुपारी तीनला त्याच्याखाली निजून बघायचे, आणि काम संपलं की पुन्हा तीनलाच निजायचे. झोप लागली तर काम झालं. नाही लागली तर झालं नाही, मग तुम्ही कितीही खूश असा. सकाळी दहाला या म्हटलं तर यायचे नाहीत. सकाळी सगळीच छपरं चांगली वागतात, म्हणायचे. बंगळूरातल्याच मारतहळ्ळीच्या एका सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावरचा मालक किल्ली देऊन ऑफिसला गेला आणि रखवालदाराला सांगायला विसरला. रखवालदार गस्तीला वर आला तो रिकाम्या फ्लॅटमध्ये एक म्हातारा उघडाबंब घोरताना बघून पोलिसांनाच फोन करायला निघाला. अण्णा जागे झाले आणि त्यालाच म्हणाले, हितं मला झोप लागली, हितं माझं काही काम नाही, मालकाला सांग. आणि चटई गुंडाळून बसने घरी गेले. हातातलं काम असं सोडून जाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण झोप लागली म्हणून सोडणारी क्वचितच.

आमचं घर के. आर. पुरमच्या एका जुन्या गल्लीत आहे. बुटकं, मंगळुरी कौलांचं, वर लाकडी फळ्यांचा माळा. घेतलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. पाडा आणि तीन मजले चढवा, हाच सल्ला. आम्हाला तीन मजले नको होते, एक खोली हवी होती. माझ्या बाबांसाठी.

बाबा नागपूरला एकटे राहायचे. आई गेल्यावर चार वर्षं त्यांनी एकट्याने रेटली, आणि मग एका मे महिन्यात भाजी घेऊन येताना चक्कर येऊन रस्त्यात पडले. शेजाऱ्यांनी उचलून आणलं. त्यानंतर मी हट्टाला पेटले, की आता बंगळूरलाच यायचं. बाबा म्हणाले, येतो, पण हॉलमध्ये सामानासारखा पडून राहणार नाही. दार लावता येईल अशी खोली असेल तर येतो, नाहीतर इथे बरा आहे. खाली दोनच खोल्या. एकीत आम्ही, एकीत मुलगी. उरला माळा. जिन्याचं काय, असं तुम्ही विचाराल. बाबा वीज खात्यात लाइनमन होते, जन्म खांबावर चढण्यात गेला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते माझ्या आधी वर पोचतात.

खरी अडचण उन्हाची होती. आमचा माळा दुपारी भट्टी व्हायचा. एसी लावून टाकू, इतकं साधं उत्तर होतं. पण बाबांना एसीचं नाव काढलेलं खपत नाही. उन्हाळ्यात सगळे एसी एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मर उडायचा आणि त्यांना भर दुपारी तापलेल्या खांबावर चढावं लागायचं. "एक एसी म्हणजे उन्हात खांबावर एक माणूस," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेव्हा खोली थंड हवी, एसी नको, आणि बाबा एप्रिलअखेर येणार. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. त्यामुळे घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक कारागिरावर माझा आधीपासूनच संशय असतो.

अण्णा साठीच्या पुढचे असावेत. सडपातळ, कानात बारीक बाळी, लुंगी नेहमी पांढरी. चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर कन्नड. त्यांच्या मराठीत अर्धे शब्द कन्नड असायचे आणि उरलेल्यातले काही इतके जुने, की मी माझ्या आजीनंतर ते कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नसे. आमच्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर लटकतं. चहाच्या सुट्टीत ते त्याची पानं उलटत बसायचे, अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हे आपलंच ना? स्वल्प वाचून दाखवा की." मग मी भाजी चिरता चिरता त्यांना पानामागची पाककृती वाचून दाखवायची. कोथिंबीरवडीची कृती त्यांनी तीनदा ऐकली असेल. चहा मात्र ते घेत नसत. त्यांचं आपलं ताक.

काम सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, की या माणसाला काही टाकवतच नाही. माळ्यावरच्या जुन्या फळ्या रंधून पुन्हा तिथेच बसल्या. फुटक्या कौलांचा चुरा करून चुन्यात मिसळून भिंतीला लागला. नवी कौलं आणलीच नाहीत. पाडलेल्या घरांची जुनी कौलं विकणाऱ्या एकाकडून एकेक वाजवून निवडून आणली. खिडक्याही तशाच, कोणाच्या तरी मोडलेल्या घराच्या, शिसवी. आधी कोणाच्यातरी घरात होत्या, आता तुमच्या घरात राहतील, एवढं म्हणून त्यांनी त्या बसवल्या. कौलांखाली त्यांनी चार बोटं जागा मोकळी सोडली आणि तिच्याखाली काथ्याच्या जाड चटया ठोकल्या, त्यांना आतून पांढरा चुना. उत्तरेच्या बाजूला दोन काचेची कौलं, म्हणजे दिवसा दिवा नको. खाली फळ्यांलगत दोन बुटक्या खिडक्या, आणि वर आढ्याखाली, समोरासमोरच्या भिंतींत, एकेक झरोका. झरोक्याला बाहेरून उंदरासाठी जाळी, आतून तिरप्या पट्ट्यांची उघडती झडप. एवढंच.

आमच्या ह्यांनी माळ्यावर एक डिजिटल तापमापक टांगला होता. अण्णा रोज तीनला वर उभे राहून डोळे मिटायचे, आकडा सांगायचे आणि मग ह्यांना यंत्र बघायला लावायचे. तुम्हाला वाटेल, आकडा तंतोतंत जुळायचा. मुळीच नाही. कधी तीनने चुकायचा, कधी पाचने. अण्णांना त्याचं काहीच वाटत नसे. यंत्राला कुठे घाम येतो, म्हणायचे.

झरोके बघून मी त्यांच्याशी वाद घातला. नागपूरच्या माणसाला ऊन कोणी शिकवू नये, असा माझा तोरा. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहाला सगळं घर बंद करतात. खिडक्या, दारं, फटी, जिथून म्हणून झळ येईल तिथे कागद नाहीतर चिंध्या कोंबतात, आणि संध्याकाळी सहाला उघडतात. तुम्ही तर घराला भोकंच पाडून ठेवताय, असं मी म्हटलं.

अण्णांनी उदबत्ती पेटवली आणि बुटक्या खिडकीपाशी धरली. धूर आत आला, खोलीभर रेंगाळला आणि हळूहळू वर चढून झरोक्यातून बाहेर पडला. मग ते म्हणाले, "तुमचं नागपूरचं ऊन दारातून येतं, अक्का. हितलं छपरावर बसून राहतं. त्याला वरनं वाट पाहिजे. नागपूरचे यजमान, तुमचे वडील, आले की सांगा हां त्यांना. हितं बंद करायचं नाही."

मी मान डोलावली. सांगते म्हटलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपवून अण्णा पुन्हा निजले. सव्वातीनला मी वर डोकावले तर घोरण्याचा आवाज. जाग आल्यावर उठून बसले, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. "आयतु," म्हणाले. म्हणजे झालं.

बाबा आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि जुन्या नागपुरी वर्तमानपत्रांचा हा एवढा गठ्ठा. पेपर कशाला आणलेत, म्हणून मी चिडले. त्यातली शब्दकोडी अर्धी राहिली आहेत, म्हणाले. बाबांना कोडं सोडवल्याशिवाय पेपर रद्दीत देता येत नाही. खोली त्यांना आवडली. काचेच्या कौलांखाली खुर्ची ठेवून, चष्मा नाकावर आणून ते कोडी सोडवत बसले आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात ऑफिसात आमचं मोठं काम सुरू झालं. सकाळी आठला निघायचं, रात्री आठला परत. अण्णांनी सांगायला सांगितलेलं माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

आठव्या दिवशी दुपारी बाबांनी फोन उचलला नाही. मी तीनदा केला, मग रिक्षा पकडली. वर गेले तर जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बाबा बसलेले, डोक्यावर ओला टॉवेल, चेहरा लालबुंद. खोलीत पाऊल टाकवत नव्हतं, इतकं उकडत होतं. खिडक्या बंद होत्या. आता खरं सांगते, त्यात मला काहीच वावगं दिसलं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या बंदच असायच्या, असंच तर मी लहानपणापासून बघत आले होते.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला नागपूरचं तिकीट काढून दे. तुमच्या जिवाला घोर नको." आतमध्ये खाटेवर त्यांची वळकटी बांधून तयार होती.

मी बाबांना खाली आणलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि अण्णांना फोन लावला. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. तुमची चटई आणि तुमच्या उदबत्त्या तुमच्यापाशी ठेवा, माझा बाप मेला असता, उद्या मी एसी बसवतेय, असं सगळं. पलीकडून ते नुसतं "सरी, अक्का, सरी" म्हणत होते, म्हणजे बरं, बरं. शेवटी एवढंच म्हणाले, की उद्या तीनला येतो, तोवर एसी नको.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली. अण्णा आले, चपला काढल्या, चटई घेऊन वर गेले. बाबाही मागोमाग गेले, मीही. अण्णा निजले नाहीत. उभ्या उभ्या एकदा वर बघितलं, मग स्टूल ओढून झरोक्यापर्यंत हात पोचवला आणि पट्ट्यांवरून बोटं फिरवली. मी बाबांकडे बघत नव्हते, नाहीतर तिथेच कळलं असतं. अण्णा मात्र वळून बाबांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "अक्का, स्वल्प चहा कराल का?"

दोन महिने आमच्या घरी चहाला न शिवलेला माणूस चहा मागतोय, हे मला खटकायला हवं होतं. पण रागात माणसाला दिसतं काय? मी धुसफुसत खाली गेले. चहा झाला, निवला, तरी वरून कोणी येईना. हळू आवाजात बोलणं तेवढं चालू होतं. अर्ध्या तासाने अण्णा उतरले. हातातली कापडी पिशवी फुगलेली होती. ओट्यापाशी उभे राहून त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"तप्पु माझाच, अक्का," ते म्हणाले. "चूक माझी. वरची जाळी मी बारीक लावली, वारा अडला. मोठी लावतो. तीन दिवस द्या मला, मग एसी लावा."

चूक कबूल करणारा कारागीर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते आणि मला काय वाटलं असेल? जिंकल्यासारखं. कामात एखादी चूक सापडली की वाटतं, अगदी तसं. मी त्यांना बसा म्हटलं नाही. ते स्कूटरला पिशवी अडकवत होते, तेव्हा समोरचे शेजारी फाटकाशी उभे होते. त्यांचंही घर कौलारू, तेही वरची खोली अण्णांकडूनच करून घेणार होते, पुढच्याच महिन्यात. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं आणि मी अण्णांच्या देखत, चढ्या आवाजात सांगितलं, की सगळं काम फसलं, पुन्हा करावं लागतंय, तुम्ही आपला सरळ एसी लावा. अण्णांनी स्कूटर सुरू केली. "बर्तीनी, अक्का," म्हणाले, म्हणजे येतो, आणि गेले.

दोन दिवस येऊन त्यांनी जाळ्या काढल्या आणि नव्या लावल्या. आता विचार केला तर आठवतं, नव्या जाळीची भोकं तेवढीच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी जिन्यात उभी राहून कानोसा घेतला. वर बाबा घोरत होते. वळकटी सोडून अंथरली होती. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबा आता दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायला लागले. इथल्या हवेला सरावले, असं मी आमच्या ह्यांना कौतुकाने सांगितलं.

समोरच्यांनी महिन्याभरात कौलं उतरवली, पत्रा घातला आणि एसी लावला. त्याचं पाणी अजून आमच्या गल्लीत ठिबकतं.

तुम्ही म्हणाल, यानंतर अण्णा आमच्याकडे कशाला फिरकतील? पण पुढच्या वर्षी उगादी झाली, आपला गुढीपाडवा हो, आणि तिसऱ्या दिवशी बरोबर तीनला चपला जिन्याशी. "स्वल्प निजून बघतो." बोलावलं नव्हतं, काम नव्हतं. छपराला एक उन्हाळा झाला की एकदा बघावं लागतं, म्हणाले. बाबांनी आपली खाट देऊ केली तर नको म्हणाले आणि खाली चटईवर निजले. चार वाजता दोघं म्हातारे वर बसून ताक पीत होते. बाबा पेपरातलं काहीतरी वाचून दाखवत होते आणि अण्णा मान डोलावत होते. त्या वर्षी ते आणखी पाच-सहा वेळा आले, छपरासाठी नव्हे, बाबांकडून पेपर ऐकायला. जाताना चटई इथेच राहू दे म्हणून ठेवून गेले. मी त्यांच्याशी नीट बोलत होते, ताक देत होते, पण मनात एक होतंच, की चांगला माणूस आहे, काम तेवढं कच्चं.

त्याच्या पुढच्या वर्षी उगादी झाली आणि अण्णा आले नाहीत. आठवडाभर बाबा रोज तीनच्या सुमाराला खिडकीतून गल्लीत बघायचे. शेवटी मी फोन केला. त्यांच्या मुलीने उचलला. माघात गेले, म्हणाली. झोपेतच.

मुलगी बोम्मसंद्राला राहते, तिथल्याच एका कारखान्यात काम करते. रविवारी मी भेटायला गेले. बाबांनाही यायचं होतं, पण त्यांना ताप होता. पोचले तेव्हा दुपार टळटळीत होती. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, वर पत्रा. मी आत जाताना मनाची तयारी करूनच गेले, की आता घामाघूम होणार. आत बसले आणि पदर हातातच राहिला, वारा घ्यायची गरजच पडली नाही. पत्र्याखाली काथ्याच्या चटया होत्या. वर, दोन्ही बाजूंना, झरोके.

ती अण्णांसारखंच बोलते. पाणी दिलं, थोडी रडली, मीही रडले. मग आतून एक कापडी पिशवी घेऊन आली. "हे तुमच्या घरचे आहेत, अक्का. नागपूरच्या यजमान्रूंनी दिले, म्हणायचे आमचे अप्पा. वाचायला येत नव्हतं, पण टाकू देत नव्हते. आपली अक्षरं आहेत म्हणे."

पिशवीत वर्तमानपत्रं होती. आडवी घट्ट घडी घालून, वर तार पिळून बांधलेली. दोन मोठे पुडे, नेमके झरोक्याच्या मापाचे. एका बाजूला जाळीचे चौकोन कागदावर उमटले होते, दुसऱ्या बाजूला चुना. मी तार सोडली. आतल्या पानावर अर्धं सुटलेलं शब्दकोडं होतं, बाबांच्या अक्षरात. आणि ती तार लाइनमन पिळतात तशी पिळलेली होती, दोन वेढे आणि टोक आत दाबलेलं, हाताला लागू नये म्हणून. आमच्या नागपूरच्या घरातली प्रत्येक कपड्यांची तार तशीच बांधलेली आहे.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाबांनी नागपूरच्या सवयीने खिडक्या लावल्या, झरोके कोंबले. चूक त्यांची नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. अण्णांनी पट्ट्यांवरून बोटं फिरवली तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी एक शब्द काढला असता, तर मी बाबांवर तिथेच कडाडले असते, आणि वळकटी बांधून बसलेल्या बाबांनी ती पुन्हा सोडली नसती. ते नागपूरला निघून गेले असते, एकटे, भर मे महिन्यात. हे त्या माणसाने अर्ध्या मिनिटात ओळखलं. चहा मागून मला खाली पाठवलं, कागद पिशवीत भरले आणि चूक स्वतःच्या नावावर घेतली. चाळीस वर्षांचं नाव होतं त्यांचं. ते मी फाटकात उभं राहून चढ्या आवाजात धुऊन काढलं, आणि ते "बर्तीनी" म्हणाले.

मुलीला मी विचारलं, आमच्या घराबद्दल अण्णा काही बोलायचे का? ती म्हणाली, काम चुकलं असं बाहेरून ऐकलं होतं म्हणून तिने एकदा विचारलं होतं. अप्पा हसले आणि म्हणाले, मला तिथं झोप लागते, म्हणजे काम बरोबर आहे.

परत आल्यावर मी आधी समोर गेले. शेजाऱ्यांनी दार उघडलं, आत एसी घरघरत होता. मी त्यांना सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी अण्णांचं काम चुकलं नव्हतं. झरोके आमच्याकडून बंद राहिले होते, चूक माझी होती आणि मी त्यांच्याबद्दल खोटं बोलले. बाबांचं नाव मी घेतलं नाही. एवढं तरी मी अण्णांकडून शिकले. शेजारी म्हणाले, आता काय उपयोग? उपयोग काहीच नव्हता. तरी सांगायचं होतं, सांगितलं.

पेपर मी बाबांच्या ट्रंकेत, त्यांच्या बाकीच्या गठ्ठ्यावर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातात ते दिसले. बराच वेळ त्यांनी ती घडी उलटसुलट करून पाहिली.

"हे कुठून आले?" त्यांनी विचारलं.

"ट्रंकेतच तर होते," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा नाकावर आणला आणि म्हणाले, कोडं अर्धंच राहिलंय. पेन मी शोधून दिलं.

यंदाच्या उगादीनंतर तिसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होते. तीन वाजता वरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर बाबा खाट बाजूला करत होते. मधोमध, आढ्याच्या बरोबर खाली, त्यांनी अण्णांची चटई अंथरली होती. खिडक्या उघड्या होत्या. कोनाड्यात उदबत्ती लावलेली होती आणि तिचा धूर सावकाश वर निघाला होता. बाबा म्हणाले, कोणीतरी निजून बघायला पाहिजे ना. मी म्हटलं, निजा की मग. तर म्हणाले, मला रोजच लागते, माझं काय खरं? तू नीज.

दिवसा झोपणाऱ्या बायकांतली मी नव्हे. पाऊण तासात माझी मीटिंग होती. पाच मिनिटं पडते म्हटलं, बाबांचं मन राखायला, आणि आडवी झाले. चटईला चुन्याचा वास येत होता. धूर पट्ट्यांतून एकेक करून बाहेर जात होता. अण्णा, चुकलं माझं, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते.